रिकिबीत पाय ठेवण्यापूर्वी

नेरळचा घाट चढून आलेली मोटार दस्तुरी नाक्यावर थांबते, प्रवासी नगरपरिषदेचा कर भरून पावती घेतो, आणि तेथून बाजारपेठेपर्यंतचे अडीच-तीन किलोमीटरांचे अंतर त्याला पायी, छोट्या आगगाडीने, रिक्षाने किंवा घोड्यावरून तोडावे लागते. ठाण्याचे तत्कालीन कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० साली हा डोंगरमाथा हेरला, १९०७ साली पीरभॉय कुटुंबाच्या पैशाने आणि परिश्रमाने नेरळची चिमुकली रेल्वे वर आली, आणि ४ फेब्रुवारी २००३ रोजी केंद्र सरकारने हा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनक्षम म्हणून घोषित केला. या सर्व स्थित्यंतरांत मोटारीला वर मज्जाव करण्याचा शिरस्ता टिकून राहिला आणि त्याबरोबर घोडाही टिकून राहिला. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी किंवा पाचगणीच्या टेबललँडवर घोड्यावर बसणे ही हौस असते. माथेरानात ती पुष्कळदा निकड असते. गुडघे धरलेली आजी, मूल कडेवर घेतलेली आई, उन्हात थकलेला गृहस्थ, यांपैकी कोणालाही आयुष्यात प्रथमच घोड्यावर बसण्याचा प्रसंग येथे येतो, आणि तोही घोड्याविषयी काडीमात्र ज्ञान नसताना. म्हणून आपल्याकडील अश्वारोहणाच्या सुरक्षिततेचा विचार करावयाचा तर तो मुंबईतील महालक्ष्मीच्या घोडशर्यतीच्या मैदानावरून न करता दस्तुरी नाक्यावरून आरंभावा, असे मला वाटते.

नाक्यावर जे घडते ते थोडक्यात असे. भाव ठरतो, घोडे पुढे आणले जाते, अश्वपाल प्रवाशाचा डावा पाय रिकिबीत घालून त्याला वर ढकलतो, लगाम हातात दिला जातो, ‘घट्ट धरा’ एवढे सांगितले जाते, आणि स्वारी निघते. भाव ठरविण्यात जो वेळ गेला त्याच्या चौथ्या हिश्शानेही वेळ घोडा आणि स्वार यांची गाठ घालून देण्यात गेलेला नसतो. मुंबईत, महालक्ष्मीच्या त्या मैदानालगत १९४२ साली स्थापन झालेल्या ॲमेच्युअर रायडर्स क्लबसारख्या संस्थांची जी परंपरा आहे, तिच्यात नवशिक्याचा पहिला पाठ निराळ्या गतीने चालतो. जनावराच्या खांद्याकडून, त्याला आपण दिसू अशा बाजूने, बोलत बोलत जवळ कसे जावे, येथपासून आरंभ होतो. मग चौथऱ्यावर उभे राहून, खोगिरावर धसका न देता बसणे. मग शिक्षकाच्या हातातील लांब दोरीवर वर्तुळात केवळ चालीने फिरणे. लगाम स्वतंत्रपणे हाती येतो तो पुष्कळ उशिरा, कारण लगामाचा आधार न घेता तोल सावरता आल्यावाचून लगाम हाती देणे हा घोड्याच्या तोंडावर अन्याय आणि स्वाराच्या जिवाशी खेळ होय, हे तेथील शिक्षक जाणतात. शाळेजवळ वेळ असतो, सहलीजवळ नसतो. आणि सहलीचे बहुतेक अपघात या न दिलेल्या वेळातून उद्भवतात.

घोड्याचा स्वभाव ध्यानात घेतल्याशिवाय या विधानाची सत्यता पटणार नाही. हे जनावर गवताळ मैदानावर, हिंस्र पशूंच्या भयाखाली वाढलेले. त्याचे संरक्षण शिंगांत वा सुळ्यांत नसून पायांत आहे, आणि संशय येताच प्रथम पळावे व मग विचार करावा, ही त्याच्या जातीची सहस्रावधी वर्षांची शिकवण आहे. डोळे मस्तकाच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ सभोवारचे दिसते. मात्र कपाळासमोरचा थोडा भाग आणि शेपटीमागचा भाग त्याच्या दृष्टीआड राहतो. मागून अकस्मात पाठीवर पडलेली थाप, झुडुपातून उडालेला प्लॅस्टिकचा कागद, माकडाची उडी, पाठीवरच्याच माणसाने छायाचित्रासाठी पसरलेला हात, यांपैकी कशानेही ते बुजू शकते. माथेरानच्या वाटांवर माकडे विपुल आणि पर्यटकांच्या हातांतील पिशव्या त्याहून विपुल. त्यात घोडा हा कळपाचा प्राणी. एक उधळला की मागचे दोन त्याच्या पाठोपाठ धावतात, मग त्यांच्यावरील स्वारांची इच्छा काही असो. आणि परतीच्या वाटेवर, तोबरा व ठाण यांची आठवण झालेले जनावर जाण्याच्या वाटेपेक्षा चपळ चालते, हे कोणताही मोतद्दार सांगेल.

आता या स्वभावाला नवख्या स्वाराच्या स्वभावाची जोड द्यावी. चालीत घोडा ताशी सहा-सात किलोमीटर वेगाने जातो आणि त्याच्या पाठीची हालचाल मऊ असते. दुडकीत तो तिरप्या रेषेतील दोन पाय एकदम उचलतो, त्यामुळे पाठीला ठोके बसू लागतात आणि न शिकलेला माणूस खोगिरावर उसळू लागतो. पडण्याच्या भीतीने तो दोन गोष्टी करतो: पायांनी घोड्याचे पोट आवळतो आणि हातांनी लगाम ओढतो. घोड्याला पोटावरील दाब म्हणजे ‘पुढे चल’ ही आज्ञा, लगामाची ओढ म्हणजे ‘थांब’. दोन्ही एकाच वेळी मिळाल्यामुळे आणि तोंडातील लोखंडी कडी हिरड्यांत रुतल्यामुळे ते गोंधळते, मान झाडते, वेग वाढवते. वेग वाढताच स्वार अधिक आवळतो, अधिक ओढतो, किंचाळतो. या दुष्टचक्राला काही क्षणच पुरतात. मागाहून ‘घोडे उधळले’ अशी नोंद होते. वस्तुतः घोड्याने आपल्याला समजलेल्या आज्ञेचे पालन केलेले असते, आणि दोष असलाच तर तो न शिकविलेल्या माणसाला दुडकी चालीने नेणाऱ्या व्यवस्थेचा असतो. नवख्याला घेऊन जाणारी स्वारी आरंभापासून शेवटपर्यंत चालीनेच न्यावी, हा या सर्व विषयातील पहिला नियम आहे. आणि पर्यटकाने ‘जरा पळवा की’ म्हटले तरी तो मोडता कामा नये.

पडण्याचे गणित करून पाहिले म्हणजे या नियमाचे महत्त्व कळते. तेरा मूठ उंचीचे, म्हणजे सुमारे एकशे बत्तीस सेंटिमीटरांचे तट्टू घेतले तर त्यावर बसलेल्या प्रौढाचे मस्तक जमिनीपासून सात फुटांच्या आसपास असते. जनावर जागच्या जागी उभे असतानाही तेवढ्या उंचीवरून खाली येणारे मस्तक जमिनीला ताशी वीस किलोमीटरांहून अधिक वेगाने टेकते, आणि घोड्याचा स्वतःचा वेग त्यात आणखी भर घालतो. खाली जांभ्याचा दगड किंवा उघडी पडलेली झाडाची मुळी असेल तर काय होईल हे सांगावयास नको. पर्यटक घोड्यावरून पडून दगावल्याच्या बातम्या माथेरानातून एकापेक्षा अधिक वेळा आल्या आहेत. त्यांतील माणसे सुट्टीसाठी वर आलेली होती, त्यांची घरे खाली वाट पाहत होती, आणि ज्या गोष्टींनी त्यांचे प्राण वाचण्याचा संभव वाढला असता त्या गोष्टी मूल्याने फार मोठ्या नव्हत्या. म्हणून या बातम्या मला अधिक दुःखद वाटतात.

त्या गोष्टींत पहिले नाव शिरस्त्राणाचे येते. परंतु मला त्याआधी रिकिबीविषयी लिहावयाचे आहे, कारण तिच्याकडे कोणाचेच लक्ष नसते. घोड्यावरून पडणे वाईट खरे, पण पाय रिकिबीत अडकून पडणे त्याहून भयंकर: स्वार खाली लोंबतो, त्या लोंबण्याने घोडा अधिक बिथरतो, आणि पळत्या खुरांशेजारून मस्तक फरफटत जाते. रिकीब पायताणापेक्षा सुमारे एक इंच रुंद असावी, इतकी की पाय सहज सुटावा आणि तरी संपूर्ण पाऊल आरपार जाऊ नये. त्यासाठी पायताणाला थोडी टाच हवी. सपाट तळव्याची चप्पल, पट्ट्यांची सँडल किंवा जाड नक्षीदार तळव्याचे बूट, ही तिन्ही रिकिबीशी वैर धरणारी पायताणे आहेत, आणि सहलीला आलेल्या माणसाच्या पायांत नेमकी हीच असतात. लहान मुलांच्या पायांचा प्रश्न आणखी निराळा. मोठ्यांच्या रिकिबीत त्यांचे पाऊल घोट्यापर्यंत आत शिरते. पाश्चात्य देशांतील शाळांत मुलांसाठी एका बाजूस धातूऐवजी रबराची पट्टी लावलेली रिकीब वापरतात. स्वार पडताच ती पट्टी निसटते आणि पाय मोकळा होतो. रिकिबीच्या पुढे टोपीसारखे आवरण लावले तरीही पाऊल आरपार जात नाही. चामड्याचे काम जाणणारा कोणताही कारागीर अशी आवरणे शिवून देईल. त्यासाठी परदेशी माल मागविण्याचे कारण नाही.

तंगाची, म्हणजे खोगीर पोटाखालून आवळणाऱ्या पट्ट्याची, गोष्ट अशीच आहे. खोगीर कसताना पुष्कळशी घोडी पोट फुगवून धरतात, आणि पाच-दहा मिनिटे चालल्यावर तोच तंग सैल पडतो. शाळेत स्वार बसल्यानंतर, आणि पुन्हा थोडे अंतर गेल्यावर, तंग तपासण्याचा शिरस्ता असतो. सहलीत ही दुसरी तपासणी होताना क्वचितच दिसते, आणि उतारावर खोगीर एका बाजूस फिरते तेव्हा दोष स्वाराच्या बेढब बसण्यावर जातो. खोगिराची शिवण, रिकिबीची वादी, लगामाची मोहरी, यांतील एखादा टाका उसवला आहे काय हे पाहण्यास मिनिटही लागत नाही. मात्र ते पाहणे कोणाचे कर्तव्य आहे, हे कोठेतरी लिहिलेले असावे लागते.

शिरस्त्राणाविषयी एक गैरसमज दूर केला पाहिजे. दुचाकीस्वाराचे हेल्मेट घोडेस्वाराला चालेल, अशी अनेकांची समजूत असते. दुचाकीचे शिरस्त्राण जड असते, कान झाकते आणि मानेवर भार देते. घोड्यावरील माणसाला मागचा-पुढचा आवाज ऐकू येणे आवश्यक असते. घोडेस्वारीच्या शिरस्त्राणाची परीक्षाही निराळी असते: उंचावरून आपटणे, टोकदार वस्तूचा आघात, बाजूने चेपले जाणे, कारण घोडा अंगावर कोसळू शकतो किंवा त्याचा खूर डोक्यावर पडू शकतो. युरोपात याची ‘ईएन १३८४’ आणि अमेरिकेत ‘एएसटीएम एफ ११६३’ ही मानके रूढ आहेत. आतील कठीण फेस आघात शोषतो तो स्वतः चिरडून. म्हणून एकदा जोराने आपटलेले शिरस्त्राण बाहेरून अखंड दिसले तरी बाद करावयाचे असते. सहलीच्या ठिकाणी एकच शिरस्त्राण दिवसभरात अनेकांच्या डोक्यांवरून फिरते, त्यामुळे तीन-चार मापे, हनुवटीखालचा पट्टा नीट बसवून देणारा माणूस, आतून घालावयाची धुतलेली कापडी टोपी, आणि प्रत्येक शिरस्त्राणाच्या आपटण्याची नोंद, एवढे सर्व मिळून मानक होते. खुंटीवर लटकविलेल्या पाच टोप्या दाखविल्याने ते पुरे होत नाही. ब्रिटनने १९९० साली स्वतंत्र कायदा करून रस्त्यावर घोड्यावर बसणाऱ्या चौदा वर्षांखालील मुलांना शिरस्त्राण सक्तीचे केले. आपल्याकडे मात्र आईबापांपैकी एकाच्या पुढ्यात त्याच खोगिरावर मूल बसवून नेण्याची चाल आहे. त्यात मूल सुरक्षित वाटते. पडताना मात्र मोठ्याचे सगळे वजन त्या मुलावर येते. ही चाल तत्काळ बंद झाली पाहिजे, याविषयी माझ्या मनात तिळमात्र संदेह नाही.

आता वजनाकडे वळू, कारण येथे स्वाराची सुरक्षितता आणि मुक्या जनावराचे सुख या दोन गोष्टी एकच होऊन जातात. अमेरिकी घोडदळाच्या १९२० च्या अश्वव्यवस्थापनविषयक पुस्तिकेने स्वार आणि सामान यांचे एकत्रित वजन घोड्याच्या वजनाच्या एकपंचमांशाहून अधिक असू नये अशी शिफारस केली होती. २००८ साली अमेरिकेतील ओहायो येथील संशोधकांनी आठ घोड्यांवर त्यांच्या वजनाच्या पंधरा, वीस, पंचवीस आणि तीस टक्के भार देऊन पाहिला, तेव्हा पंचवीस टक्क्यांपासून पुढे हृदयाची गती आणि स्नायूंचा दुखरेपणा वाढलेला आढळला. अनुभवाने ठरविलेल्या जुन्या मर्यादेला प्रयोगाने बव्हंशी दुजोरा दिला. आता तीनशे किलोचे तट्टू धरले तर ही मर्यादा साठ किलो होते, आणि तीतून खोगिराचे वजन वजा जाते. सहलीला आलेला मध्यमवयीन गृहस्थ यात बसत नाही. मर्यादेबाहेरच्या भाराखाली घोड्याची पाठ दुखते, पाठ दुखली की पाऊल चुकते, ठेच लागते, चढावर ते अडते, उतारावर गुडघ्यावर येते. आणि मग पडतो तो पाठीवरचा माणूस. १९६५ सालच्या आपल्या ओझ्याच्या व जुंपणीच्या जनावरांविषयीच्या केंद्रीय नियमांनी तट्टावर लादावयाच्या ओझ्याची कमाल मर्यादा सत्तर किलो ठरविली आहे, जनावराला दिवसात नऊ तासांहून अधिक आणि विश्रांतीवाचून सलग पाच तासांहून अधिक काम देण्यास मनाई केली आहे, आणि तापमान सदतीस अंशांपलीकडे जाईल तेथे दुपारी बारा ते तीन या वेळात काम बंद ठेवण्यास सांगितले आहे. हे नियम पाठीवरील गोणीचा विचार करून लिहिलेले आहेत. परंतु गोणी निदान हलत नाही, आणि माणूस हलतो, उसळतो, एका अंगाला झुकतो. गोणीला सत्तर किलोंची मर्यादा लावावयाची आणि माणसाला कोणतीच लावावयाची नाही, ही विसंगती कोणाही विचारी कारभाऱ्याच्या ध्यानात यावयास हवी होती.

या प्रश्नाकडे कायद्याने कसे पाहावे याचा एक नमुना इंग्लंडमध्ये सापडतो. तेथे भाड्याने घोडे देणाऱ्या आणि स्वारी शिकविणाऱ्या संस्थांवर पहिला कायदा १९३९ साली झाला, दुसरा अधिक व्यापक १९६४ साली, आणि त्याला १९७० साली दुरुस्ती जोडली गेली. इंग्लंडपुरती ही व्यवस्था २०१८ च्या नव्या नियमांत समाविष्ट झाली आहे. दुरुस्तीसह त्या १९६४ च्या कायद्याची रचना मनन करण्यासारखी आहे. स्थानिक संस्थेच्या परवान्यावाचून हा धंदा करता येत नाही. परवाना देण्यापूर्वी पशुवैद्याचा अहवाल घ्यावा लागतो. तपासणीत घोडा कामास अयोग्य ठरला तर पशुवैद्याच्या दाखल्याशिवाय तो पुन्हा कामावर आणता येत नाही. तीन वर्षांचा किंवा त्याहून लहान घोडा, भरल्या दिवसांची घोडी, आणि विऊन तीन महिने न झालेली घोडी भाड्याने देण्यास मनाई आहे. स्वार एकटा जाण्याइतका तरबेज असल्याची परवानाधारकाची खात्री नसेल तर सोबत सोळा वर्षांवरील जबाबदार व्यक्ती असलीच पाहिजे. स्वाराला होणाऱ्या आणि स्वाराकडून तिसऱ्याला होणाऱ्या इजेचा विमा काढलेला असला पाहिजे. आणि सर्वांत मार्मिक कलम सामानाविषयीचे आहे: ज्यातील दोष डोळ्यांना दिसतो आणि ज्यामुळे घोड्याला यातना किंवा स्वाराला अपघात संभवतो असे सामान पुरविणे हा गुन्हा. घोड्याची यातना आणि स्वाराचा अपघात एकाच वाक्यात, एकाच दोषाची दोन फळे म्हणून लिहिणाऱ्या त्या मसुदाकाराला अश्वशाळेची खरी जाण असली पाहिजे.

आपल्याकडे १९६० चा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा आहे. जखमी वा आजारी जनावराकडून काम घेणे त्याने गुन्हा ठरविले, परंतु पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये ठेवला, जो आजच्या काळात एका फेरीच्या भाड्याहून कमी भरतो. जनावराच्या बाबतीत हयगय करून माणसाचा जीव धोक्यात घालणे हा जुन्या दंडविधानाच्या २८९ व्या कलमाखाली अपराध होता आणि नव्या संहितेतही आहे. पण ही कलमे अपघात घडून गेल्यावर जागी होतात. मुंबई उच्च न्यायालयाने जून २०१५ मध्ये मुंबईतील व्हिक्टोरिया गाड्यांची सफर बेकायदेशीर ठरविली, तेव्हा तबेल्यांची दुरवस्था आणि परवान्यांचा अभाव हे मुद्दे ऐरणीवर आले; परंतु तो निर्णय बंदीचा होता, आणि बंदी हे मानक होत नाही. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाने २०१८ साली प्रसृत केलेल्या साहसी पर्यटनाच्या मार्गदर्शक सूत्रांत घोड्यांवरील सफरींचाही समावेश आहे. तथापि दस्तुरी नाक्यावरची अर्ध्या तासाची फेरी स्वतःला साहस समजत नाही, आणि त्यामुळे ती या सूत्रांच्या कक्षेबाहेर निसटते.

प्राचीनांना हा विचार अपरिचित नव्हता, हे येथे नमूद करण्याचा मोह आवरत नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षावर एक संपूर्ण प्रकरण आहे. प्रत्येक घोड्याचे कुल, वय, वर्ण, चिन्ह आणि तो कोठून आला याची नोंद ठेवणे, अशुभ, व्यंग आणि व्याधित घोड्यांची वर्दी देणे, त्यांचा आहार मापाने ठरविणे, ही त्याची कर्तव्ये सांगितली आहेत. आणि उपचारातील हयगयीमुळे घोड्याचा रोग वाढला तर उपचारखर्चाच्या दुप्पट दंड फर्माविला आहे. दोन सहस्र वर्षांपूर्वीचा तो कारभारी घोड्याच्या दप्तराला राज्याच्या दप्तराचा भाग मानीत होता. ज्या महाराष्ट्राने भीमथडीच्या काटक तट्टांवर बसून आपला इतिहास घडविला, जेथे सारंगखेड्याच्या यात्रेत आजही घोड्यांचा बाजार भरतो, आणि ज्याच्या भाषेत पागा, शिलेदार, बारगीर, खरारा, चंदी हे शब्द अजून जिवंत आहेत, तेथे या दप्तराचे पुनरुज्जीवन करणे परकीय अनुकरण ठरण्याचे कारण नाही.

परंतु कागदावर मानक लिहून भागणार नाही, कारण अश्वपालाची मिळकत फेरीवर अवलंबून आहे. माथेरानात परवानाधारक घोड्यांची संख्या साडेचारशेच्या घरात आहे. हंगाम दिवाळी, नाताळ आणि मे महिना एवढाच. पावसाळ्यात धंदा जवळजवळ बसतो, पण चारा, चंदी, नालबंदी आणि औषधपाणी यांना सुट्टी नसते. वर्षाचा खर्च जर थोड्या आठवड्यांत काढावयाचा, तर फेरी लवकर संपवून पुढची घेण्याकडे मनुष्याचा कल होणारच. एकाच इसमाने दोन-तीन घोडी हाकीत नेणे, तंगाची दुसरी तपासणी टाळणे, उतारावर घाई करणे, हे सर्व या हिशेबातून येते. त्याला निष्ठुर म्हणून मोकळे होणारे पर्यटक भाव पाडताना दयाबुद्धी दाखवीत नाहीत. ज्या अश्वपालांना मी काम करताना पाहिले आहे त्यांच्या हातांत जनावराविषयीचे उपजत ज्ञान आहे. घोड्याने कान मागे पाडले की का पाडले हे त्यांना पुस्तकावाचून कळते. ते ज्ञान वापरण्यास अवकाश मिळेल असा दर आणि अशी पाळी त्यांना मिळालेली नाही. नगरपरिषदेने फेरीचा दर वेळेच्या हिशेबाने बांधून द्यावा, किमान वेळ ठरवावी, त्याआधी फेरी संपली तर पुढचा क्रमांक मिळू नये, म्हणजे धावण्याचे प्रयोजनच उरणार नाही.

रस्त्याचा प्रश्नही याच संदर्भात पाहिला पाहिजे. तांबड्या मातीच्या वाटेवर खुराला पकड मिळते; लोखंडी नाल ठोकलेला खूर ओल्या फरशीवर घसरतो. पेव्हर ब्लॉक बसविण्यास अश्वपालांनी जो विरोध केला त्यामागे हा अनुभव होता, आणि ई-रिक्षांच्या आगमनाने रोजगार जाण्याची भीतीही होती. दोन्ही गोष्टी प्रामाणिकपणे मान्य कराव्यात. सर्वोच्च न्यायालयाने ६ ऑगस्ट २०२५ रोजीच्या निर्णयात माणसाने ओढावयाच्या रिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचे आदेश दिले, दस्तुरी नाक्यापासून बाजारपेठेतील शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर पेव्हर ब्लॉकना संमती दिली, आणि अंतर्गत वाटा त्यांपासून मोकळ्या ठेवण्यास सांगितले. माणसाने माणसाला ओढण्याची अमानुष प्रथा संपावी हे सर्वथा योग्य झाले. आता ज्याला केवळ गावात पोहोचावयाचे आहे त्या वृद्धाला अन्य वाहन मिळत असेल, तर घोड्यांची वाट फरशीच्या रस्त्यापासून वेगळी काढून, मातीची ठेवून, इको पॉइंट, लुईझा पॉइंट, शार्लोट तलाव या बाजूंच्या सावकाश फेऱ्यांसाठी तिचा उपयोग करण्याची संधी आली आहे. निकडीचे ओझे उतरल्यावर अश्वपालाला आपल्या कामात शाळेतील शिक्षकाची सावधगिरी आणता येईल. त्याच वाटेवर रिक्षा, पादचारी आणि घोडे एकत्र कोंबले तर मात्र बुजण्याची कारणे वाढतील, आणि दोष पुन्हा मुक्या जनावरावर जाईल.

अपघात घडलाच तर पुढे काय, हाही मानकाचाच भाग आहे, आणि डोंगरमाथ्यावरील गावात तर तो पहिल्या पानावर असावा. मस्तकावर आपटलेला माणूस क्षणभर शुद्ध हरपून पुन्हा बोलू लागला म्हणजे बरा झाला असे नव्हे. कवटीच्या आत हळूहळू साचणारे रक्त काही तासांनी त्याला ओढून नेऊ शकते. त्याला उठवून बसवू नये, मान हलवू नये, श्वासाला अडथळा नसेल तर शिरस्त्राण ओढून काढू नये, आणि रुग्णवाहिकेने घाट उतरून मेंदूच्या छायाचित्रणाची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. घोड्याच्या लिदीत आणि ती पडलेल्या मातीत धनुर्वाताचे जंतू असतात. त्या मातीवर खरचटलेल्या प्रत्येकाने लशीची चौकशी केली पाहिजे, मग जखम कितीही किरकोळ असो. प्रत्येक अश्वपालाला हे ज्ञान शिकवून, त्याचा दाखला परवान्याशी जोडावा.

दस्तुरी नाक्यावर प्रवाशाकडून कर घेतला जातोच. त्या कराचा एक निश्चित हिस्सा बाजूस काढून नाक्यावर चढण्यासाठी दगडी चौथरा बांधावा, वजनकाटा ठेवावा, मापांची शिरस्त्राणे आणि रिकिबीची आवरणे नगरपरिषदेच्या मालकीची असावीत, हंगामाआधी पशुवैद्याची तपासणी फुकट व्हावी आणि तिचा दाखला घोड्याच्या क्रमांकासह फलकावर लावावा, स्वार आणि अश्वपाल दोघांचाही विमा सामुदायिक उतरवावा. ज्याचे वजन काट्यावर अधिक भरेल त्याला मोठ्या बांध्याचा घोडा द्यावा किंवा नम्रपणे नकार द्यावा. नकाराने बुडालेल्या फेरीची भरपाई याच निधीतून अश्वपालाला व्हावी, म्हणजे नकार देणे त्याला परवडेल. एका घोड्यामागे एक अश्वपाल, लगामाची दोरी हातात पण हाताला गुंडाळलेली नाही, पाऊल खांद्याशी, आणि गती केवळ चालीची: एवढे नियम मराठी, हिंदी, गुजराती आणि इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहून पावतीच्या खिडकीशेजारी लावण्यास पुढच्या हंगामापर्यंतचा अवधी पुरेसा आहे.